गोमतीच्या नावेतली मोजणी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी, लखनौच्या कुडिया घाटावर नावेचं भाडं ठरलं. दोन दिवसांचे नऊ हजार रुपये, त्यांतले तीन हजार आगाऊ. ठरवताना मी, आमच्या मराठी मंडळाचे सचिव गद्रेकाका आणि नावाडी रामसजीवन असे तिघे हजर होतो. रामसजीवनची बायको फूलमती खालच्या पायरीवर पातेलं घासत बसली होती. नऊ हजारांत काय काय येतं ते मी वहीत लिहून घेतलं: नाव, इंजिन, डिझेल, एक मल्लाह (म्हणजे नावाडी), दोन्ही दिवसांचं जेवण.

हा खटाटोप मंडळाच्या जानेवारीतल्या सहलीसाठी होता. एरवी आम्ही बस करून कुठल्या तरी बागेत जातो, अंताक्षरी खेळतो आणि पुरी-भाजी खाऊन परत येतो. यंदा गद्रेकाकांनी टूम काढली की इतकी वर्षं आपण गोमतीच्या काठी राहतो आणि पुलावरून खाली बघण्यापलीकडे नदीशी आपला संबंध नाही. तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या चंद्रिकादेवीच्या देवळापासून शहरापर्यंत नावेनं येऊ. पंचेचाळीस माणसं, पाच नावा. त्यांत साठीच्या पुढचे बरेच आणि शाळेतली मुलं. समितीत दोन तट पडले. शेवटी ठरलं की आधी कोणीतरी जाऊन बघून यावं आणि लेखी अहवाल द्यावा. रेल्वेच्या पुलांवर माझी एकोणतीस वर्षं गेली आहेत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

त्या अहवालावर रामसजीवनचं काय अवलंबून आहे, ते त्यानं स्वतःच सांगितलं. थंडीत घाटावर अर्ध्या तासाच्या फेऱ्यांना गिऱ्हाईक नसतं. डिसेंबर-जानेवारीत तो पहाटे मजुरांच्या चौकात जाऊन उभा राहतो आणि कोणी नेलं तर विटा वाहतो. मंडळाचं काम मिळालं तर त्याच्यासह पाच नावाड्यांची सोय होणार होती, आणि एका मंडळानं केलं की बाकीच्या कॉलन्या येतील, असा त्याचा हिशेब होता.

"आप लिख देंगे तो इस जाड़े में ईंट नहीं ढोनी पड़ेगी, साहब."

मी म्हटलं, जे दिसेल ते लिहीन.

"तो अच्छा ही दिखेगा," तो म्हणाला.

मी एकच अट घातली. जितक्या सवाऱ्या, म्हणजे उतारू, तितकी लाइफ जॅकेट. पाच सवाऱ्या, पाच जॅकेट. त्यानं घाटावरच्या खोलीतून आणून पायरीवर मांडली. मी प्रत्येकाचे पट्टे ओढून पाहिले. एकाची शिवण उसवली होती, ते बदलून घेतलं.

शनिवार

दुसऱ्या शनिवारी सकाळी विकास नगरहून गाडीनं तासाभरात चंद्रिकादेवीला पोहोचलो. मी, माझी बायको सुनंदा, मुलगी ईरा, गद्रेकाका आणि काकू. नाव आदल्या दिवशीच वर आणून ठेवलेली होती. देवळात नारळ ठेवून खाली उतरलो. काठ मातीचा, पायऱ्या नाहीत, धरायला काही नाही. गद्रेकाकूंना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना उतरवायला दोन माणसं आणि चार मिनिटं लागली. मी वहीत लिहिलं: फळी हवी, दोर हवा, एका नावेमागे एक मदतनीस.

नाव लाकडी, चोवीस फूट लांब, मध्ये साडेपाच फूट रुंद. वर बांबूवर ताणलेली ताडपत्री, मागे लहान डिझेल इंजिन. बाजूला पांढऱ्या रंगात '१२ सवारी' असं रंगवलेलं. आम्ही सामानासकट बसलो तेव्हा नावेचा काठ पाण्यापासून वीतभर आणि चार बोटं वर होता. पाण्याची रिकामी कॅन दोन, बादली एक, वीस फुटी दोर एक. आमच्या बॅगा इकडेतिकडे पडल्या होत्या. त्या दोरानं मी सगळ्या एकत्र करून ताडपत्रीच्या बांबूला घट्ट बांधल्या.

सगळ्यांना जॅकेट घालायला लावली. गद्रेकाका म्हणाले, "हे पोटाच्या वर बांधायचं की खाली?"

"पोट संपेल तिथं," काकू म्हणाल्या. "उद्यापर्यंत शोधा."

ईरा लखनौतच जन्मली आणि वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिनं रामसजीवनला विचारलं, "भैया, आप नहीं पहनेंगे?"

"मल्लाह जैकेट पहन ले बिटिया, तो सवारी उतर के बस पकड़ लेती है."

आम्ही हसलो. मीही हसलो. फूलमती तोपर्यंत आमच्या पुढून जाऊन नावेच्या टोकाशी, चुलीच्या विटा आणि पातेली यांच्यामध्ये बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

शहरात गोमती पाहून जे मत होतं ते वर येऊन बदलतं. पाणी हिरवट, पण तळाची वाळू दिसते. वेग इतका कमी की इंजिन बंद केलं तर आपण पुढे चाललोय की थांबलोय हे काठावरच्या झाडाकडे बघून ठरवावं लागतं. एका काठाला ऊस, दुसऱ्याला नुकती पेरलेली मोहरी. पडलेल्या बाभळीच्या खोडावर सात कासवं ओळीनं ऊन खात होती. नाव जवळ जाताच एकेक पाण्यात पडलं, सर्वांत मोठं शेवटी. पाण्यानं अंतर किती, ते कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. रामसजीवनला विचारलं तर म्हणाला, "दो दिन का पानी है."

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या लहानपणी गावाजवळ पूल नव्हता. गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई, पाण्यात लोटायची आणि आठ-दहा माणसांनी तिच्यात बसून कृष्णा ओलांडायची. कढई गरगर फिरायची. जॅकेट सोडा, धरायला कडाही धड नव्हती. हे सांगितल्यावर ईरा म्हणाली, "और आप मुझे स्कूटी पर दो हेलमेट पहनाना चाहते हैं." मी म्हटलं, म्हणूनच.

दुपारी वाळूच्या पट्ट्यावर नाव लावली. फूलमतीनं तीन विटांवर पातेलं चढवलं आणि तहरी केली: तांदूळ, बटाटा, नवा मटार, हळद, वर मोहरीच्या तेलाची फोडणी. आपल्या मसालेभातासारखीच, पण गोडा मसाला नाही आणि लिंबाऐवजी लसूण-कोथिंबिरीची झणझणीत चटणी. सुनंदानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. फूलमतीनं दशमीचा तुकडा खाऊन पाहिला आणि विचारलं, हिच्यात दूध का घालता?

"प्रवासात टिकते," सुनंदा म्हणाली.

"हमारे यहाँ तो बचती ही नहीं, टिके क्या."

दोघींचं चांगलं जमलं. फूलमती पन्नाशीची, बारीक, बोलताना समोरच्याकडे न बघता कामाकडे बघणारी. रामसजीवन इंजिनाशी असला की उथळ जागी लग्गी, म्हणजे लांब बांबू, टेकवून नाव सरळ ठेवायचं काम तिचं. ते ती उभी राहून करायची, पण एक हात कायम ताडपत्रीच्या बांबूवर. सुनंदानं विचारलं, सवय असूनही? ती म्हणाली, "पानी से हमारी ज्यादा बनती नहीं." आम्हाला ती थट्टा वाटली.

गैरसोयी लिहिणं माझं कामच होतं, तेव्हा लिहितो. चंद्रिकादेवी सोडल्यानंतर नदीकाठी एकही शौचालय नाही. पुरुषांचं भागतं. काकू, सुनंदा आणि ईरा दुपारपर्यंत पाणी न पिता बसल्या, तेव्हा कुठे मला ते कळलं. फूलमतीला ते आधीच ठाऊक होतं. तिनं नवऱ्याला न विचारता एका गावाशी नाव लावायला सांगितली आणि तिघींना घेऊन ओळखीच्या घरी गेली. मोबाइलला तीन ठिकाणी रेंज नव्हती. मुक्कामाचं गाव ठीक होतं. रामसजीवनच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या दोन खोल्या, हातपंप, संडासाला दार, दाराला कडी नाही. गद्रेकाका आत गेले की गाणं म्हणत. तीच कडी.

रविवार

सकाळी पाण्यावर धुकं होतं. रामसजीवन म्हणाला, समोरचा काठ दिसल्याशिवाय निघायचं नाही. साडेसातला निघायचं ठरलं होतं, पावणेनऊला निघालो. वहीत मी त्याच्या बाजूनं खूण केली. खरं सांगायचं तर तोवर त्याच्या बाजूनंच खुणा जास्त होत्या. मनातल्या मनात मी अहवालाचं शेवटचं वाक्यही तयार केलं होतं: काही सुधारणांसह शिफारस.

शहर जवळ आलं ते आधी नाकाला कळलं. मग जलकुंभी दिसू लागली, जिला आपण जलपर्णी म्हणतो. आधी एकेक गड्डा, मग काठ धरून पट्टा, मग एका वळणावर अर्धी नदी हिरवी. रामसजीवननं मोकळ्या बाजूनं नाव घातली, तरी वेल पंख्यात अडकले आणि इंजिन बंद पडलं. त्यानं कमरेचा विळा काढला, मागून पाण्यात उतरला, सुकाणूला धरून पंख्याभोवतीचे वेल कापू लागला. पाणी त्याच्या छातीच्या वर होतं. फूलमती पुढच्या टोकावर लग्गी घेऊन उभी राहिली. प्रवाह नाव हळूहळू आडवी करत होता. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात नावेचं टोक पाण्याखालच्या कशाला तरी आपटलं. मागाहून कळलं, मासे धरायला रोवलेल्या जुन्या बांबूंचा तो झुबका होता. दणका मोठा नव्हता. काकांचा थर्मास पडला, सुनंदा माझ्यावर आली.

मी ओरडलो, "कोणी उठू नका. बसून राहा." आणि माणसं मोजली. सुनंदा एक, ईरा दोन, काका तीन, काकू चार, मी पाच.

"पाच," मी म्हणालो. "सगळे आहेत."

ईरानं पुढे पाहिलं. "पापा, चाची कहाँ हैं?"

पुढचं टोक रिकामं होतं. लग्गी पाण्यावर आडवी तरंगत होती. तिच्या पलीकडे जलपर्णीत एक हात दिसला, मग डोकं, मग पुन्हा फक्त हात. आवाज अजिबात नव्हता. बुडणारा माणूस ओरडतो असं मला वाटायचं. रामसजीवन नावेच्या मागे, दुसऱ्या अंगाला होता. मध्ये अख्खी नाव. त्याला काही दिसलं नव्हतं.

मी दोर शोधला. दोरानं मी आमच्या बॅगा बांधल्या होत्या, आणि गाठी माझ्याच होत्या, पक्क्या. मी गाठ सोडत होतो तोवर ईरानं अंगातलं जॅकेट काढलं, जे काढायचं नाही असं मी तिला दोन दिवसांत सहा वेळा बजावलं होतं, आणि फेकलं. ते फूलमतीच्या हातापासून दोन फुटांवर जलपर्णीवर पडलं. काका रामसजीवनला हाका मारत होते. ईरानं वाकून हातानं पाणी ढकललं, ते जॅकेट तिकडे सरकलं की फूलमतीच सरकली, सांगता येत नाही. तिची बोटं पट्ट्यात अडकली. मग रामसजीवन नावेचा काठ धरत पुढे आला आणि त्यानं तिला पाठीमागून उचललं. काका, सुनंदा आणि मी, तिघांनी दंडांना धरून वर ओढलं. या सगळ्याला किती वेळ लागला ते मी लिहू शकत नाही. घड्याळ पाहिलं नाही.

ती पालथी पडून खोकली, पाणी ओकली, बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. पहिलं वाक्य नवऱ्याला होतं.

"चप्पल गई. नई थी."

"चप्पल की पड़ी है," रामसजीवन म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून लग्गीकडे बघत बसला. विळाही गेला होता.

सुनंदानं तिला आपली कोरडी साडी नेसवली, शाल दिली. थर्मासात अर्धा कप चहा उरला होता, तो दिला. मग हळूच विचारलं, "तैरना नहीं आता?"

फूलमतीनं मान हलवली. तिचं माहेर नदीपासून लांब, कोरड्या गावातलं. तिथे विहीर होती, तलावही उन्हाळ्यात आटायचा. लग्न होऊन नावेवर आली तेव्हा सासूनं शिकवायचं म्हटलं होतं, मग मुलं झाली, राहून गेलं. मल्लाहाच्या बायकोला पोहता येत नाही हे बाहेर कळलं तर घाटावर हसतील, म्हणून घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तीस वर्षं ती एक हात बांबूवर ठेवून उभी राहत आली होती. त्या सकाळी लग्गीला दोन्ही हात लागले.

रामसजीवन मला म्हणाला, "साहब, यह घर की बात है. रिपोर्ट में मत लिखिएगा."

गद्रेकाका मराठीत म्हणाले, "जाऊ द्या हो. आपल्या पाचांतलं कोणी पडलं नाही. सवाऱ्या सुखरूप, एवढं लिहा. नाहीतर समितीतले विरोध करणारे ते चौघं टपूनच बसलेत. याचं काम जाईल."

"पाच सुखरूप," सुनंदा म्हणाली. "तेच तर मोजलंत ना तुम्ही."

ती माझ्याशी बोलत होती. लागायचं ते लागलं. पुलावर दुरुस्तीचं काम संपलं की गाडी सोडण्याआधी मी गँगची माणसं मोजतो. अवजारं नंतर, माणसं आधी. एकोणतीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. पण तिथे मी काम करून घेणारा असतो. नावेत बसलो आणि सवारी झालो, आणि सवारीनं सवाऱ्या मोजल्या. पाच सवाऱ्या, पाच जॅकेट, बेरीज बरोबर, आणि नावेत माणसं सात.

दुपारी दोनच्या सुमारास कुडिया घाटाला लागलो. उरलेले सहा हजार मी रामसजीवनला दिले. त्यानं मोजले नाहीत. "लिखेंगे?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, लिहीन. माझी चूकही लिहीन.

तो म्हणाला, "आपकी गलती से आपका क्या जाएगा, साहब," आणि इंजिनावर गोणपाट टाकायला गेला. त्याचं बरोबर होतं.

अहवाल

सोमवारी रात्रीपर्यंत अहवाल लिहिला. चार पानं झाली. फळी, दोर, शौचालय, रेंज, धुकं, सगळं आलं. दोर कशालाही बांधायचा नाही, हातापाशी मोकळा ठेवायचा, हे वेगळं लिहिलं. अपघात जसा झाला तसा लिहिला. फूलमतीला पोहता येत नाही हे मात्र लिहिलं नाही. त्याऐवजी लिहिलं की पोहता येवो न येवो, नावेत जितकी माणसं तितकी जॅकेट, नावाडी धरून, आणि तशी मागणी करायचं काम भाड्यानं घेणाऱ्याचं होतं, ते मी केलं नाही. नावाडी धुक्यात निघाला नाही, पंखा अडकल्यावर तो स्वतः पाण्यात उतरला, हेही लिहिलं. शेवटी शिफारस.

काकांनी वाचून फोन केला. "एवढं सगळं लिहायलाच हवं होतं का?"

"काका, ईरानं विचारलं नसतं तर काय लिहिलं असतं?"

काका पुन्हा पानं चाळत असल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणाले, "ठीक आहे. बैठकीत मी मांडतो."

बैठक इंदिरा नगरला एका सभासदाच्या घरी झाली आणि पोहे गार होईपर्यंत चालली. 'नावाड्याच्या बायकोला बघून घ्यायला नावाडी आहे की' असं एक जण म्हणाले. गद्रेकाकूंनी त्यांना विचारलं, "आणि आम्हा बायकांना जेवू घालायला, दुपारी संडास शोधून द्यायला कोण होतं? तीच ना?" चौदा जणांनी नावं काढून घेतली. एकतीस उरले. चार नावा, नावाड्यांसह सर्वांना जॅकेट या अटीवर सहल मंजूर झाली.

पुन्हा घाट

पुढच्या रविवारी मी आणि ईरा घाटावर गेलो. लाटूश रोडवरच्या दुकानातून दोन नवी जॅकेट घेतली होती, साडेसातशेचं एक. ते पैसे मी मंडळाकडून घेतले नाहीत. रामसजीवनला चार नावांचं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "और वह बात?" मी सांगितलं, ती लिहिली नाही. त्यानं मान डोलावली आणि हात धोतराला पुसले.

जॅकेट बघून तो म्हणाला, मी घालून बसलो तर लोक हसतील. फूलमतीनं आपलं आधीच अडकवलं होतं, पट्टा उलटा. ईरा तो सरळ करून देत होती. फूलमती म्हणाली, "तुम न पहनोगे तो लग्गी भी तुम ही चलाना, और तहरी भी."

पलीकडच्या नावेवरचा एक जण हसला. रामसजीवननं त्याच्याकडे पाहिलं आणि जॅकेट घातलं.

मी वही उघडली. पहिल्या पानावर भाड्यात काय काय येतं ते होतं. 'एक मल्लाह' खोडून 'दोन' लिहिलं. रामसजीवनला विचारलं, चौकात मजुराला दिवसाला काय मिळतं. तो म्हणाला, सहाशे. मग फूलमतीला दोन दिवसांचे बाराशे आणि चपलेचे दोनशे, असे चौदाशे रुपये तिच्या हातात दिले. तिनं दोनदा मोजून घेतले.